बाजाराचे दप्तर

परमुलखात बदली होऊन गेलेल्या माणसाची त्या गावाशी खरी ओळख कचेरीत होत नाही. ती बाजारात होते. कचेरी सर्वत्र सारखीच असते. पण रविवारी सकाळी पिशवी घेऊन भाजी आणावयास निघाले म्हणजे पहिल्याच दुकानापाशी आपले परकेपण ध्यानात येते, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच दुकानापाशी ते ओसरल्याचेही कळते. म्हैसुरास नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव देवराज मार्केटने दिला. त्या बाजाराचा इतिहास आपल्या लोकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे; कारण त्यात आपलाही थोडा वाटा आहे.

या बाजाराचा आरंभ एका फसलेल्या कामातून झाला. १७९९ साली टिपू पडल्यावर राज्याची दिवाणगिरी पूर्णय्यांकडे आली व ती १८११ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. कावेरीचे पाणी म्हैसूर शहरात खेळवावे या हेतूने त्यांनी कालवा खणविला. पाणी काही आले नाही. कालवा मात्र शहराच्या मध्यभागी तसाच राहिला आणि पुढे त्याचे सांडपाण्याचे, हिवतापाचे मोठे गटार झाले. १८८१ साली राज्य पुन्हा वोडेयर घराण्याकडे आले, आणि त्यानंतरच्या सुधारणांत हा ‘पूर्णय्यांचा नाला’ बुजविण्यात येऊन त्यावर दुतर्फा दुकाने असलेला प्रशस्त रस्ता झाला. त्या रस्त्यास नाव दिले गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे. दसऱ्याची जंबूसवारी आजही याच सयाजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. रस्त्याच्या कडेला, बुजलेल्या नाल्याच्या जागीच, १८८६ च्या सुमारास बाजार उभा राहिला. पुढे १९२५ मध्ये, चौथ्या कृष्णराजांच्या कारकिर्दीत, त्याचा विस्तार झाला. नाव मात्र दोन शतके आधीच्या राजाचे, म्हणजे १६५९ ते १६७३ या काळात राज्य करणाऱ्या थोरल्या देवराज वोडेयरांचे आहे. पाणी आणण्यासाठी खणलेल्या वाटेने असे अन्न आले.

मराठी माणसाचा वाटा केवळ रस्त्याच्या नावापुरता नाही. हैदरअलीच्या अमदानीत राज्याचे महसुली हिशेब कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात; टिपूने त्यांच्या जागी फार्सी आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. पी. माधवराव (१९०६ ते १९०९) आणि टी. आनंदराव (१९०९ ते १९१२) हे तंजावरकडील मराठी घराण्यांतले दोन दिवाण लागोपाठ म्हैसुरास होऊन गेले. तात्पर्य, हिशेबाची वही काखेत मारून या मुलखात आलेले आपण पहिले नव्हेत.

हिशेबाबरोबर शब्दही आले. भावाची घासाघीस करण्यास कानडीत ‘चौकाशी’ म्हणतात. मराठी अधिकाऱ्यास चौकशी म्हटली की कागदपत्र आठवतात. तेव्हा त्याने सरळ मनाने “जरा चौकशी करतो” म्हटले, तर भाजीवाली हसून दोन रुपये कमी करते. बाजाराचे कोशकार्य हे असे चालते.

त्याहून जुना इतिहास टोपल्यांत आहे. कानडीत ‘मेणसु’ म्हणजे मिरी आणि ‘मेणसिनकायि’ म्हणजे मिरची. आपल्याकडेही मिरीवरूनच मिरची झाली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेची मिरची या किनाऱ्यास लागली, तेव्हा दोन्ही भाषांनी पाहुणीस घरच्याच तिखटाचे नाव दिले. बटाट्याचे तसे नाही. आपण त्याचे पोर्तुगीज नाव ठेविले. कानडीने ‘गड्डे’ म्हणजे कंद, असे म्हणून ‘आलूगड्डे’ हा जोडशब्द केला. फिकट हिरव्या, सुरकुतल्या चायोटास म्हैसूरकर ‘सीमेबदने’ म्हणतात, म्हणजे विलायती वांगे. शेजारच्या ढिगातली ईरनगेरेची वांगी मात्र अस्सल म्हैसूरची. पानवेलीचे म्हैसुरी पान, म्हैसूर मल्लिगे आणि नंजनगूडचे रसबाळे केळे या तिघांस आता भौगोलिक मानांकन आहे. त्यांपैकी रसबाळे केळ्याची लागवड मर रोगाने फार आटली आहे. ज्यांच्या घरी एके काळी ते दर आठवड्यास येई, त्यांना ती वार्ता शेतकी खात्याच्या अहवालाआधी आपल्या पिशवीतूनच समजली असणार.

मोजमापाचेही तेच. दशमान मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला आणि शेर गेला, किलो आला. पण फुलांच्या गल्लीत मल्लिगेचा गजरा अजून ‘मोळ’ या मापाने, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या हाताने मोजून मिळतो. ज्या बाईचा हात लांब, तिच्याकडे गिऱ्हाईक अधिक! पालेभाजी ‘कट्टु’ने, म्हणजे जुडीने. कायदा तराजूपर्यंत पोहोचतो. हातापर्यंत पोहोचावयास त्याला वेळ लागतो.

आता हा बाजार संकटात आहे. २०१२ साली शहरातील जुनी लॅन्सडाउन इमारत अंशतः कोसळून माणसे दगावली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटच्या धन्वंतरी रस्त्याकडील प्रवेशद्वाराचा भाग ढासळला. इमारत पाडून नवी बांधावी, की आहे तीच दुरुस्त करून राखावी, यावर तज्ज्ञांत तट पडले आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पाडण्याच्या बाजूने बोलणारे माणसांच्या जिवाचा विचार करतात. राखण्याच्या बाजूने बोलणारे शहराच्या स्मृतीचा. दोहोंपैकी कोणासही सहज खोटे ठरविता येत नाही. परंतु दोघेही बोलतात ते इमारतीविषयी. दर आठवड्यास त्याच माणसाने त्याच विक्रेत्याकडे जाणे, त्याने न विचारता चार मिरच्या वर घालणे, पैसे कमी पडले तर “पुढच्या खेपेस द्या” म्हणणे, हा बाजाराचा दुसरा अर्धा भाग कोणत्याच नकाशावर काढलेला नसतो. नवी इमारत जुन्या घाटाची बांधता येईल. विक्रेते चार-सहा वर्षे पांगले तर ही ओळख मात्र पुन्हा बांधता येणार नाही. म्हणून निर्णय कोणताही होवो, विक्रेत्यांस आपापल्या जागा शक्य तितक्या लवकर व जवळजवळ परत मिळणे हीच खरी जपणूक होय.

आणि एक जपणूक आपल्या हातची आहे. बाजार कोणी बांधला, किती खर्चाने बांधला, हे सरकारी दप्तरात मिळते. तेथून माणसे दर आठवड्यास काय घरी नेत, कोणत्या साली कांदा महागला, रसबाळे केळे कधीपासून येईनासे झाले, हे त्या दप्तरात नसते. ते असते घराघरांतील जमाखर्चाच्या वह्यांत. कितीतरी मराठी घरांत आई, काकू, आजी अशा वह्या नेमाने लिहीत आल्या. तारीख, जिन्नस, वजन, दर. कधी कडेला “पाहुणे होते” एवढीच नोंद. आणि त्या वह्यांचा शेवटही आपणांस ठाऊक आहे. बदलीचा हुकूम येतो, सामानाची बांधाबांध होते, आणि भांडी पेटीत जातात तेव्हा वह्या रद्दीत जातात. परराज्यात एका शहरापाठोपाठ दुसऱ्या शहरात राहिलेल्या अधिकाऱ्याच्या घरची वही म्हणजे अनेक बाजारांचा एका हाताने, एका भाषेत लिहिलेला इतिहास असतो. असा कागद इतिहासकाराच्या हाती क्वचितच लागतो.

ज्या भाषेत एके काळी म्हैसूर राज्याचा महसूल लिहिला गेला, त्याच भाषेत त्या शहरातील कोणा कारकुनाच्या घरची मेथीची जुडी लिहिली गेली असेल. पहिल्या नोंदी जपण्यास संशोधक आहेत. दुसऱ्या जपण्यास आपल्यावाचून कोणी नाही. पुढच्या बदलीचा हुकूम हाती येईल तेव्हा माळ्यावरची ती वही आधी खाली काढावी, आणि पेटीत तळाशी नव्हे, वर ठेवावी.