साप चावला, की गळा दाबला? मृत शरीरावरच्या खुणा आणि न्यायालय

पहिला पाऊस पडून गेला, भातलावणी सुरू झाली, की आपल्या रायगडच्या किनारपट्टीवर सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. कातळावर फुरसे, बांधावर घोणस, घराच्या आसपास नाग आणि रात्री अंथरुणात शिरणारी मण्यार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार शोधला तो याच जिल्ह्यात काम करताना. विषारी दंश हा आपल्याकडे रोजच्या जगण्याचा भाग आहे. त्यामुळे "साप चावला आणि गेली" असे कोणी सांगितले तर आपण हळहळतो, पण प्रश्न विचारत नाही.

आज मी तुम्हाला अशा एका खटल्याबद्दल सांगणार आहे, ज्यात डॉक्टरने हा प्रश्न विचारला. बरेच रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, माणूस तर गेला, आता पोस्टमॉर्टेम करून काय मिळणार? उगाच देहाची विटंबना." त्यांनी हा लेख जरूर वाचावा.

घटना ४ नोव्हेंबर १९९६ ची, नांदेड जिल्ह्यातल्या किक्की गावातली. लग्नाला जवळपास सात वर्षे झालेली एक विवाहिता सासरी मरण पावली. माहेरी निरोप गेला की तिला साप चावला. माहेरच्यांचे म्हणणे असे की टेम्पो घेण्यासाठी माहेरून पंचवीस हजार रुपये आण, म्हणून तिचा छळ चालला होता. शवविच्छेदन झाले. डॉक्टरांना सर्पदंशाची खूण सापडली नाही. गळा दाबला गेल्याने श्वास कोंडून मृत्यू, असे कारण त्यांनी लिहिले.

एवढे स्पष्ट असताना पुढे काय झाले असेल असे तुम्हाला वाटते? सत्र न्यायालयात नवरा खुनाच्या आरोपातून सुटला. कारण गळा दाबताना कोणी पाहिले नव्हते. घराच्या चार भिंतींआड झालेल्या गोष्टीला साक्षीदार आणायचा कुठून? पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निकाल फिरवून नवऱ्याला दोषी धरले आणि ११ ऑक्टोबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हा निकाल देशभरातल्या न्यायालयांत आजही वारंवार सांगितला जातो.

आता माझ्या विषयाकडे येतो. सापाची खूण नाही, म्हणजे साप चावलाच नाही, असे डॉक्टरला म्हणता येते का? नाही. ही गोष्ट नीट समजून घ्या. घोणस चावली तर जागा सुजते, दुखते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते, रक्त गोठत नाही. म्हणूनच आम्ही कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतो आणि गुठळी होते का ते पाहतो. नाग चावला तर दंशाजवळ सूज येते, पापण्या जड होतात. पण मण्यारचे तसे नसते. तिचे दात बारीक असतात, सूज जवळजवळ येत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या मिटायला लागतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. अशा मृतदेहावर दंशाची खूण भिंग घेऊन शोधली तरी कधीकधी सापडत नाही.

म्हणून केवळ 'दंशाची खूण नाही' या एका ओळीवर कोणाला खुनी ठरवता येणार नाही, आणि ठरवूही नये. या खटल्यात वजन पडले ते दुसऱ्या ओळीचे. गळ्यावरच्या दाबाचे. मण्यार श्वास बंद पाडते हे खरे, पण ती गळ्यावर बोटांचे ठसे उमटवत नाही.

गळ्यावरचा दाब ओळखतात कसा? विद्यार्थी असताना न्यायवैद्यकाच्या विषयाला आम्ही जयसिंग मोदींचे जाडजूड पुस्तक उघडायचो. त्यात नुसत्या गळ्यावर पाने खर्ची घातलेली आहेत. तेव्हा कंटाळा यायचा, पण त्या पानांत खरोखर माणसांचे नशीब दडलेले असते.

हाताने गळा दाबला तर बोटांच्या टोकांचे गोलसर काळेनिळे डाग पडतात आणि नखांच्या चंद्रकोरीसारख्या खरचटण्याच्या खुणा दिसतात. काही ओरखडे स्वतः त्या व्यक्तीचेही असतात, हात सोडवण्याच्या धडपडीत उमटलेले. दोरीने किंवा ओढणीने आवळले तर खूण बहुधा गळ्याभोवती आडवी आणि पूर्ण फिरलेली असते, कंठमण्याच्या पातळीला किंवा खाली. फाशी घेतलेल्या माणसात ती खूण कंठमण्याच्या वर, तिरकी, कानामागे चढत जाणारी असते आणि गाठीच्या बाजूला तुटलेली असते. "तिने फास लावून घेतला" असे सांगितले जाते तेव्हा डॉक्टर आधी या खुणेची दिशा पाहतो. अपवाद असतात. अर्धवट लटकलेल्या अवस्थेत खूण फसवी असू शकते. म्हणून एका खुणेवर निकाल देत नाहीत.

पापण्या खाली ओढून आत पाहिले तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. गळ्यातून परत येणारे रक्त अडकून बारीक केशवाहिन्या फुटल्याचे ते लक्षण. पण हे ठिपके काही नैसर्गिक मृत्यूंतही दिसतात, त्यामुळे तेही एकटे पुरेसे नाहीत.

वाचकहो, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेरून दिसतच नाही. त्वचेवर अगदी किरकोळ डाग आणि आतल्या स्नायूंत मात्र रक्त साकळलेले, असे गळा दाबण्याच्या प्रकरणांत होऊ शकते. त्यासाठी गळा उघडायची एक पद्धत आहे. आधी डोके आणि छाती उघडतात, म्हणजे गळ्याच्या शिरांतले रक्त निचरून जाते. मग गळ्याचा एकेक थर सोडवत आत जातात. ही क्रमवारी चुकली, घाईने आधी गळाच कापला, तर कापताना सांडलेले रक्त ऊतींत झिरपते आणि तो मार होता की आपल्याच सुरीचा परिणाम होता, हे सांगता येत नाही. पुढे उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमके तेच विचारतो.

जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखे एक छोटे हाड असते, हायॉइड. 'हायॉइड मोडले म्हणजे गळा दाबला' एवढे सूत्र टीव्हीवरच्या मालिकांनी सगळ्यांना पाठ करून दिले आहे. प्रत्यक्षात तरुण माणसात हे हाड लवचिक असते, गळा जोरात दाबूनही ते शाबूत राहू शकते. वय वाढते तसे ते ठिसूळ होते. म्हणजे विशीतल्या मुलीचे हायॉइड शाबूत आहे, म्हणून गळा दाबलाच नाही, असा युक्तिवाद कोणी केला तर तो वैद्यकशास्त्राला धरून नाही.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचते आणि तिथली त्वचा जांभळी दिसते. नातेवाईक घाबरून म्हणतात, "बघा, पाठीवर किती मारलंय!" आणि उलटही होते. खरा मार असूनही "ते तर मेल्यावर होतंच" म्हणून दडपला जातो. फरक ओळखायचा तर तिथे छेद द्यावा लागतो. साचलेले रक्त पाण्याने धुऊन जाते, माराचे रक्त ऊतींत मुरलेले असते, ते धुतले जात नाही. डागाच्या रंगावरून मार किती जुना हेही ढोबळच सांगता येते. ताजा डाग तांबडा-निळा असतो, नंतर हिरवट आणि पिवळसर होत जातो. पिवळी छटा दिसली तर मार निदान पाऊण-एक दिवस तरी जुना असावा, एवढे म्हणता येते. "मंगळवारी संध्याकाळी मारले" असे रंगावरून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

ग्रामीण भागात हे सगळे करतो कोण? बहुतेक वेळा प्राथमिक आरोग्य केंद्रातला किंवा ग्रामीण रुग्णालयातला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी. सकाळची ओपीडी, एखादी डिलिव्हरी, आणि मग दुपारी शवविच्छेदन. बाहेर नातेवाईक घाई करत असतात, "डॉक्टर, पोरं लांबून आलीत, अंधार पडायच्या आत द्या." त्या घाईत त्याने लिहिलेल्या चार ओळींवर दहा वर्षांनी दिल्लीत निकाल लागतो. किक्कीच्या प्रकरणात नेमके असेच झाले, १९९६ ची नोंद आणि २००६ चा निकाल.

पण जखम फक्त 'काय झाले' ते सांगते. 'कोणी केले' हे सांगणे तिचे काम नाही. तिथे कायदा पुढे येतो, आणि त्याची आधीची एक गोष्ट माहीत असायला हवी.

पुण्यात जून १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा लग्नानंतर चार महिन्यांनी मृत्यू झाला. कारण पोटॅशियम सायनाइड. नवऱ्याला सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला सोडले. विष सापडले होते, पण ते तिने घेतले की तिला दिले, हे शरीर सांगत नव्हते. तिच्या पत्रांतून ती किती खचली होती ते दिसत होते आणि आत्महत्येची शक्यता पुसून टाकता येत नव्हती. 'शरद बिर्धीचंद सारडा' या निकालात न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या, वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. सार इतकेच, की पुराव्याची साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये. आरोपी खोटे बोलला, एवढ्याने तुटलेली साखळी सांधता येत नाही.

आता फरक पाहा. सायनाइड स्वतः घेता येते. स्वतःच्या हातांनी स्वतःचा गळा दाबून मरता येत नाही, कारण शुद्ध हरपताच हात सैल पडतात. त्यामुळे गळा हातांनी दाबून मृत्यू आला असे शरीर सांगते, तेव्हा आत्महत्या आणि अपघात दोन्ही बाजूला पडतात. उरतो तो घरातला दुसरा माणूस. २००६ च्या निकालाने म्हटले की गुन्हा घराच्या खाजगीपणात झाला असेल, तर सुरुवातीची सिद्धता सरकार पक्षानेच करायची, पण ती झाल्यावर आत काय घडले याचे पटेल असे स्पष्टीकरण घरात असलेल्यांनी द्यायला हवे. ते दिले नाही किंवा खोटे दिले, तर ती साखळीची आणखी एक कडी होते. पुरावा कायद्याचे कलम १०६ ते हेच. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०९ झाले. 'साप चावला' हे स्पष्टीकरण गळ्यावरच्या दाबापुढे टिकले नाही. मला वैयक्तिकरीत्या हे दोन्ही निकाल एकमेकांना पूरक वाटतात. एकाने संशयावर शिक्षा द्यायला मनाई केली, दुसऱ्याने बंद दाराला ढाल होऊ दिले नाही.

याच्या अगदी उलट प्रकार २०२० मध्ये केरळात, कोल्लम जिल्ह्यात घडला. तिथे साप खरा होता, दंश खरा होता, मृत्यू विषानेच झाला होता. नवऱ्याने नाग मिळवून झोपलेल्या बायकोला चावायला लावला होता. तपास पथकाने पुरलेला नाग बाहेर काढून त्याचेही शवविच्छेदन केले. मग पुतळ्यावर मांस बांधून जिवंत नागाचा दंश घडवून पाहिला. नाग आपणहून चावतो तेव्हा दोन दातांच्या खुणांमधले अंतर सुमारे १.७ सेंटीमीटर भरले. डोके दाबून धरून चावायला लावले की जबडा जास्त फाकतो, अंतर वाढते. तिच्या हातावरच्या दंशांत ते २.३ आणि २.८ सेंटीमीटर होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने नवऱ्याला दोषी ठरवले. आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे. एवढ्या गर्दीत असा एक मृत्यू सहज लपला असता.

आता तुमच्या कामाचे सांगतो. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत स्त्रीचा मृत्यू झाला आणि तो आत्महत्येचा किंवा संशयास्पद असेल, किंवा नातेवाइकांनी मागणी केली, तर शवविच्छेदन करावेच लागते. १९८३ पासून कायद्यात ही तरतूद आहे. माहेरच्या माणसांनी तोंडी सांगून भागवू नये, लेखी अर्ज द्यावा. पोलीस इन्क्वेस्ट पंचनामा करतात तेव्हा तिथे हजर राहावे आणि गळा, कानामागची जागा, पापण्यांचा आतला भाग पाहिला गेला का ते विचारावे. देह आंघोळ घालून, हळदकुंकू लावून स्वच्छ करण्याची घाई करू नये. त्यात नखांतले पुरावे धुऊन जातात.

आणि जिवंत बाईबद्दल एक गोष्ट. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जोडीदाराने पूर्वी एकदा गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सात पटींनी वाढतो. आमच्याकडे अशा बायका घसा बसला, गिळताना दुखतंय, मान आखडलीय अशा तक्रारी घेऊन येतात. सोबत नवरा किंवा सासूबाई असतात आणि "बाथरूममध्ये पडली" असे तेच सांगतात. ताई, शक्य असेल तर डॉक्टरशी एकटीने बोलायचे आहे असे सांगा. गळा दाबला असेल तर तेच शब्द वापरा, "भांडण झालं" म्हणून थांबू नका. सरकारी दवाखान्यात एमएलसी नोंद करून मागा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि तातडी असेल तर ११२. आवाज बदलला, श्वास घेताना घरघर झाली, चक्कर आली किंवा क्षणभर शुद्ध गेली होती, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात या. सूज काही तासांनी वाढू शकते आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर अर्धांगवायूचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. गळ्यावरचे डाग पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त स्पष्ट दिसतात, त्यामुळे आज फोटो काढला असला तरी उद्या पुन्हा काढून ठेवा.