कृत्रिम खाद्यावरील बोंडअळी-संगोपन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दारव्हा तालुक्यातील बोरी अरब परिसराचे अर्थकारण प्रामुख्याने कापसावर अवलंबून आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेंदरी (गुलाबी) बोंडअळीने पिकाची मोठी हानी केली. त्याच हंगामात फवारणीतील विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या किडीविषयीचे प्रयोगशाळेतील ज्ञान कसे घडले व त्याचा उपयोग कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ऐतिहासिक विकास :
भडोचहून मिळालेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये या किडीचे प्रथम वर्णन केले. लाकूड वा खोड पोखरणाऱ्या किडींप्रमाणे ही अळीही आत दडून जगते. म्हणून तिचा अभ्यास कठीण होता. १९४२ मध्ये बॉटगर यांनी मक्याच्या खोडकिडीसाठी कृत्रिम खाद्य वापरले. १९५६ मध्ये व्हँडरझंट व रायझर यांनी शेंदरी बोंडअळी निर्जंतुक कृत्रिम खाद्यावर वाढविली. पुढे १९६० मध्ये ॲडकिसन व सहकाऱ्यांनी गव्हाच्या अंकुराचा वापर केल्याने हे खाद्य अधिक सुलभ झाले. बोंडाविना अळी वर्षभर उपलब्ध होऊ लागली.

दोन उपयोग :
अमेरिकेत अशा खाद्यावर वाढविलेले पतंग वंध्य करून १९६८ पासून कॅलिफोर्नियात सोडले गेले. बीटी कापसाची जोड मिळून २०१८ मध्ये तेथे कीड-निर्मूलन जाहीर झाले. भारतात हेच तंत्र प्रामुख्याने प्रतिकारशक्तीच्या चाचणीसाठी उपयोगी पडले. खाद्यात बीटी प्रथिन मिसळून अळ्या जगतात की मरतात, हे पाहिले जाते. अमरेली येथून २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्यांत अशी प्रतिकारशक्ती आढळली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१० ते २०१७ या काळात विविध राज्यांतील अळ्यांच्या चाचण्या केल्या. त्यांत दोन-जनुकीय बीटीविरुद्धही प्रतिकारशक्ती दिसून आली.

समारोप :
सारांश, धोक्याची सूचना प्रयोगशाळेने अनर्थापूर्वीच दिली होती. परंतु आश्रयपट्टा, डोमकळ्यांचा नाश, कामगंध सापळे, फरदड टाळणे व पऱ्हाटीची वेळीच विल्हेवाट हे उपाय गावोगाव रुजले नाहीत. संशोधन व शेत यांतील हे अंतर कमी करण्यात ग्रामीण महाविद्यालयांचाही वाटा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.