गालातला हिरडा आणि गालातली तंबाखू

नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरात, म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, हिरडा हे महादेव कोळी कुटुंबांचे हक्काचे नगदी उत्पन्न. कोवळी फळे उतरवून वाळवली की त्यांचा बाळहिरडा होतो. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातला हिरडा कातडी कमावण्यासाठी परदेशी जाई, कारण त्यातले टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. याच तुरटपणामुळे घसा धरला की हिरड्याचा तुकडा गालात ठेवतात. आयुर्वेदात औषधी द्रव तोंडात धरायचे गंडूष आणि कवल हे प्रकार आहेत, तोंडात धरायची खदिरादी गुटिकाही आहे. त्यामुळे गालाच्या अस्तराला चिकटून रक्तात औषध सोडणाऱ्या आजच्या गोळ्यांविषयी बोलताना हे तर आपल्याकडे पूर्वीपासून होतेच, असे म्हणण्याचा मोह सहज होतो. पुरावा पाहिला तर हे म्हणणे टिकत नाही. गालावाटे रक्तात द्रव्य पोचवण्याची या मुलखातली खरी जुनी रीत हिरड्याची नव्हे, चुन्यात मळलेल्या तंबाखूची आहे.

टॅनिनचे रेणू बोजड असतात आणि भेटेल त्या प्रथिनाला बिलगतात. हिरडा जिथे लागतो तिथेच काम करतो. अस्तर ओलांडून रक्तात फारसा उतरत नाही. निकोटिनचा रेणू लहान असतो. पानातल्या आम्लांशी बांधलेला असेपर्यंत तो अस्तरातून सावकाश जातो, पण चुन्याने तोंडातली क्षारता वाढली की तो मोकळा होतो आणि झपाट्याने आत शिरतो. तिथल्या शिरांतले रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते. तंबाखू गिळली तर निकोटिनचा मोठा भाग यकृतातच निकामी होतो. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशात आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. 1604 च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग याने ती विजापुराहून त्याच्या दरबारात नेली, तेव्हा उत्तरेला ती अपूर्वाईची वस्तू होती. पुढे चंची, चुन्याची डबी आणि तळहातावर मळून गालात लावलेला बार हे सारे गावोगाव इतके मुरले की त्यामागची करामत कोणाच्या नजरेत भरेना. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना घासणाऱ्या बायकांच्या हिरड्यांतूनही निकोटिनच रक्तात जात होते.

यावर कोणी म्हणेल, बार लावणाऱ्याला रेणू आणि क्षार कुठे ठाऊक होते? नव्हतेच. पण चुना कमी पडला की तंबाखू चढत नाही, रस गिळला की मळमळते आणि बार चघळण्यापेक्षा गालात दाबून ठेवावा, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. मात्रा, माध्यम आणि जागा या तिन्हींचे ते अनुभवाने आलेले ज्ञान होते. तोंडाच्या अस्तरावाटे औषध देण्याच्या आधुनिक पद्धतीची सुरुवातही यापेक्षा फार शास्त्रशुद्ध नव्हती. 1847 मध्ये सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेले नायट्रोग्लिसरीन चाखून पाहिले आणि त्याचे डोके भयंकर दुखले. 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने तेच हृदयशूळावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. चुन्याच्या युक्तीला तर औषधांनीच दुजोरा दिला. तंबाखू सोडवण्यासाठीच्या निकोटिन गममध्ये क्षार मिसळलेले असतात, ते निकोटिन मोकळे व्हावे म्हणूनच. 2006 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली फेंटानिलची गालात ठेवायची गोळी फसफसते, आणि त्यामागेही तोंडातली आम्लता हवी तशी बदलण्याचाच हेतू आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बार चिकटत कुठे होता? खरेच चिकटत नव्हता. तो गाल आणि हिरडीच्या बेचक्यात अडकलेला असे आणि दिवसाला लिटरभराच्या आसपास सुटणारी लाळ त्याला सतत धूत असे. किती द्रव्य शोषले गेले आणि किती थुंकले याचा हिशोब लागत नव्हता. हा हिशोब चिकटपणाने लावला. कार्बोपोल, सेल्युलोजपासून केलेली द्रव्ये यांसारखी पॉलिमर लाळेने फुगतात आणि अस्तरावरच्या श्लेष्मात गुंततात. जपानमध्ये नागाई या औषधशास्त्रज्ञाच्या संशोधनातून तोंडातल्या व्रणांसाठी दोन थरांची गोळी निघाली, तीत एक थर चिकटण्यासाठी होता. हे श्रेय विसाव्या शतकातल्या प्रयोगशाळांचे आहे. ते नाणेघाटाच्या पदरात टाकण्याची गरज नाही.

तंबाखूला पूर्वज म्हणणे म्हणजे तिचा गौरव नव्हे. बार वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवला जातो आणि तिथेच पांढरा चट्टा उठतो, पुढे कर्करोगही होतो. याउलट अमेरिकेत 2003 मध्ये मान्य झालेली टेस्टोस्टेरॉनची गोळी वरच्या हिरडीला चिकटवत. ती बारा तासांनी बदलायची आणि दर वेळी बाजू पालटायची असे. आज जुन्नर तालुक्यात फार्मसीची महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी अशा गोळ्यांचा इतिहास लिहिताना हिरड्याऐवजी तंबाखूचे नाव घ्यावे, आणि ज्यांच्या गालातला चट्टा दोन आठवड्यांत जात नाही त्यांनी तो डॉक्टरांना दाखवावा.