अंड्याच्या आतला जंतू

अंडे वरून स्वच्छ धुतले की धोका टळला, असे अनेकांना वाटते. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये हा समज महागात पडला.

तिथे साल्मोनेला एन्टेरिटिडिस या जंतूमुळे ताप, जुलाब, उलट्यांचे रुग्ण झपाट्याने वाढले. हा जंतू कोंबडीच्या बीजांडकोशात शिरतो. त्यामुळे कवच तयार होण्याआधीच तो अंड्यात पोचू शकतो. कोंबडी मात्र धडधाकट दिसते. ३ डिसेंबर १९८८ रोजी आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतांश अंडी-उत्पादनाला याची लागण झाल्याचे सांगितले. ‘बहुतांश’ ही अतिशयोक्ती होती, जंतू मात्र खरा होता. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला.

खरा उपाय स्वयंपाकघरात नव्हे, कोंबड्यांच्या शेडमध्ये होता. विष्ठा आणि उंदरांमुळे जंतू शेडमध्ये टिकतो व पुढच्या बॅचला लागतो. म्हणून शेडचे निर्जंतुकीकरण, उंदरांचा बंदोबस्त आणि कोंबड्यांचे लसीकरण यांवर भर दिला गेला. १९९८ पासून लस दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का येऊ लागला. रुग्ण घटले. २०१७ मध्ये तर शिक्क्याची अंडी गर्भवतींनी अर्धवट शिजलेली खाल्ली तरी चालतील, असे तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने जाहीर केले.

आपल्या दुकानातल्या सुट्या अंड्यांवर असा शिक्का नसतो. तेव्हा घरात गर्भवती, लहान मूल किंवा वृद्ध असतील, तर त्यांना हाफ फ्राय देऊ नका. बलक घट्ट होईपर्यंत शिजवा आणि कच्चे अंडे हाताळल्यावर हात साबणाने धुवा.