आधी भांडं तपासावं

मी कवितेचा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. प्रयोगशाळेशी माझी ओळख शाळेतल्या लिटमस कागदापुरती. तरीही आज दुधातल्या जिवाणूंचा डीएनए वेगळा कसा काढतात आणि ही विद्या माणसाला कशी साधली, याविषयी थोडं बोलणार आहे. त्याला दोन कारणं आहेत. एक, माझी भाची. ती जनावरांचे आजार तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुसरं, आमचे गवळीमामा.

माझ्या लहानपणी गवळीमामा आमच्याकडे दूध घालत. एका उन्हाळ्यात दूध तापवायला ठेवलं की रोज फाटायचं. अब्बांनी त्यांना दारातच चारचौघांसमोर सुनावलं आणि दूध बंद केलं. नवा गवळी लावला. त्याचंही दूध फाटलं. मग अम्मीच्या लक्षात आलं, की पातेल्याच्या काठाच्या दुमडीत जुन्या दुधाचा थर बसलाय. पातेलं चिंच-राखेनं घासलं, कढत पाण्यानं धुतलं. दूध टिकलं. पण गवळीमामांना परत बोलवायला मात्र कुणी गेलं नाही.

ही हकिकत ऐकून भाची म्हणाली, "मामू, तुम्ही कोरा नमुना लावलाच नाही!" तिच्या या वाक्याचा अर्थ समजून घेताना मला हा सगळा इतिहास कळला.

दूध आपोआप नासतं, की बाहेरून कुणी येऊन ते नासवतं? हा प्रश्न जुना. लुई पाश्चर यांनी १८५७ साली दाखवलं, की दूध आंबवणारं आम्ल सजीव सूक्ष्म जंतू तयार करतात. पण नेमका कोणता जंतू? याचा छडा लावला जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यविशारदानं. १८७७-७८च्या सुमारास त्यांनी आंबलेलं दूध उकळलेल्या पाण्यात इतकं पातळ केलं, की एका थेंबात सरासरी एकच जिवाणू यावा. असे थेंब त्यांनी निर्जंतुक केलेल्या दुधाच्या पेल्यांत सोडले. काही पेल्यांतलं दूध विरजलं, काहींतलं जसंच्या तसं राहिलं. विरजलेल्या पेल्यांत एकाच जातीचे जिवाणू होते. एकच जात वेगळी काढून वाढवण्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. त्या जिवाणूचं आजचं नाव लॅक्टोकॉकस लॅक्टिस. भांडं स्वच्छ असल्याची खात्री नसती, तर न विरजलेल्या पेल्यांना काहीच अर्थ उरला नसता.

डीएनएचा शोध त्याआधीच लागला होता, तोही एका जुन्या स्वयंपाकघरात. जर्मनीतल्या ट्यूबिंगन गावच्या किल्ल्यातल्या मुदपाकखान्याची प्रयोगशाळा केली होती. तिथे १८६९ साली फ्रीडरिश मीशर हा तरुण स्विस संशोधक रुग्णांच्या जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पेशी गोळा करीत असे. पेशीतली प्रथिनं पचवण्यासाठी त्यानं डुकराच्या जठरातला पाचकरस वापरला. प्रथिनं गेली तरी एक पदार्थ शिल्लक राहिला. त्याला त्यानं 'न्यूक्लिन' म्हटलं. तोच आपला डीएनए. त्याचे गुरू होपे-सायलर यांनी मात्र हा निष्कर्ष लगेच छापू दिला नाही. सगळा प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिला आणि १८७१ साली तो प्रसिद्ध झाला. शिष्याला ही दोन वर्षं किती जड गेली असतील! पण शंका घेण्याचा हा रिवाज पुढं फार कामी आला.

याच काळात, १८७८ साली, स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी दूध गरगर फिरवून साय वेगळी काढणारं यंत्र तयार केलं. गंमत अशी, की न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना न्यूमोनियाचे जंतू मोठ्या प्रमाणावर गोळा करायचे होते, तेव्हा त्यांना हेच साय काढण्याचं तंत्र उपयोगी पडलं. त्या जंतूंमधून डीएनए काढून त्यांनी १९४४ साली सांगितलं, की आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ हाच. लोक म्हणाले, तुमच्या डीएनएत थोडं प्रथिन राहिलं असेल. पण प्रथिनं नष्ट करणाऱ्या विकरानं फरक पडत नव्हता. डीएनए नष्ट करणाऱ्या विकरानं मात्र गुण जात होता, हे त्यांनी आधीच तपासून ठेवलं होतं. तरीही एव्हरींना नोबेल मिळालं नाही.

आता भाचीच्या टेबलाकडे येऊ. तिच्याकडे येतं ते बहुधा कासदाह झालेल्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'दगडी' झालेल्या गाई-म्हशींचं दूध. ते यंत्रात वेगानं फिरवलं, की साय वर येते आणि जिवाणू तळाशी बसतात. पण काही जिवाणू स्निग्धाच्या कणांना धरून वरही जातात, म्हणून साय सरसकट फेकून चालत नाही. दुधातलं कॅल्शियम आणि केसीन पुढच्या तपासणीत अडथळा आणतात. तेही दूर करावं लागतं. शिवाय आजारी कासेच्या दुधात गाईच्याच पांढऱ्या पेशी भरपूर. मीशरच्या पट्ट्यांवर होत्या त्याच जातीच्या. त्यांचा डीएनएही मध्ये येतो.

मग जिवाणूची जाड भिंत फोडायची. त्यासाठी लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं आणि आपल्या अश्रूंतही. पुढं साबणासारखं द्रव्य, प्रथिनं पचवणारं विकर, क्षार, अल्कोहोल. हाती येणारा डीएनए डोळ्यांना दिसेलच असं नाही. मग कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचलेल्या पीसीआर पद्धतीनं त्याच्या असंख्य प्रती काढतात आणि जिवाणूची जात ओळखतात.

एवढा खटाटोप कशाला? लिस्टरच्या पद्धतीत जिवाणू जिवंत हवा आणि तो वाढायला हवा. जनावराला आधीच प्रतिजैविक टोचलं असेल, तर कधी काहीच वाढत नाही. डीएनए मात्र मेलेल्या जिवाणूचाही सापडतो. हेच त्याचं बळ आणि हीच त्याची मर्यादा. तो सांगतो, अमुक इथे होता. तो जिवंत आहे का, आजार त्यानंच आणला का, हे सांगत नाही.

आणि इथेच कोरा नमुना येतो. भाची दुधाच्या नळ्यांबरोबर एका नळीत दुधाऐवजी नुसतं निर्जंतुक पाणी घेते आणि सगळ्या पायऱ्या तिलाही करायला लावते. कारण जिवाणूंचा डीएनए वापरायच्या रसायनांतच असू शकतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं हे ठळकपणे दाखवलं. नमुन्यात जिवाणू थोडे असतील तर फसगत जास्त. पाण्याच्या नळीत जिवाणू सापडले, तर त्या दिवशी दुधावर आरोप करता येत नाही. चुकीच्या अहवालावर गाईला नको ते औषध जातं आणि शेतकऱ्याला कित्येक दिवसांचं दूध ओतून द्यावं लागतं.

आमच्या घरी हा प्रयोग करायला एक तांब्या दूध आणि शेजारचं एखादं स्वच्छ पातेलं पुरलं असतं. शेजारणीनं ते आनंदानं दिलंही असतं. आम्ही मागितलं नाही. गवळीमामा आज हयात नाहीत. अब्बाही नाहीत. दूध फाटण्याचं कारण सापडलं तो दिवस मला आठवतो. अब्बा बराच वेळ ते पातेलं हातात घेऊन बसले होते. गवळीमामांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं.