कलम २१ चे जपानी आजोळ

नागरी स्वातंत्र्याची कुळकथा सांगताना मॅग्ना कार्टा आणि फ्रेंच राज्यक्रांती हटकून येतात. आपल्या राज्यघटनेच्या कलम २१ ची नाळ मात्र जपानशी जुळलेली आहे. कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, ही शब्दयोजना १९४६ च्या जपानी घटनेच्या कलम ३१ वरून घेतली. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यातली तळटीपच तसे सांगते.

त्याआधीच्या मसुद्यात अमेरिकी ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द होते. म्हणजे कायदाच अन्याय्य असेल, तर न्यायालय तो रद्द करू शकते. १९४७ च्या अखेरीस घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले आणि पुढच्या मसुद्यातून ते शब्द गळाले. रूढ कथा इथेच थांबते. दुसरा पक्ष म्हणतो, फाळणीच्या धामधुमीत सरकारला प्रतिबंधक स्थानबद्धतेची मोकळीक हवी होती. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही.

मला मूळ दिसते ते न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या एका बेकरीत. बेकरी कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांहून अधिक राबवू नये, असा तिथे कायदा होता. मालक जोसेफ लॉकनर न्यायालयात गेला आणि १९०५ साली ‘ड्यू प्रोसेस’च्याच आधारे तो कायदा रद्द झाला. मालकाचे करारस्वातंत्र्य जिंकले. कामाचे तास आणि किमान वेतन यांच्या कायद्यांसाठी फ्रँकफर्टर वकील म्हणून झगडले होते. ही जखम त्यांच्या मनात ताजी असणारच. जपानी घटनेचा मसुदाही युद्धोत्तर जपानचा ताबा सांभाळणाऱ्या जनरल मॅकआर्थरच्या हाताखालच्या अमेरिकनांनीच लिहिला. केवळ स्थानबद्धतेची सोय पाहायची असती, तर पोलिसी जाचातून सुटणाऱ्या जपानसाठी लिहिताना त्यांनी ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द का टाळले असते? टोकियोत आणि दिल्लीत, दोन्हीकडे धसका बेकरीचाच होता, असे माझे ठाम मत आहे.

कामगारासाठी काढलेल्या शब्दांची किंमत मात्र कैद्याने मोजली. डॉ. आंबेडकरांना हा धोका दिसत होता. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी भरपाई म्हणून आजचे कलम २२ मांडले: अटकेचे कारण सांगा, वकील करू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. तरीही १९५० साली प्रतिबंधक स्थानबद्धतेविरुद्धच्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही, हे तपासायला नकार दिला. १९७८ साली मेनका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात ती न्याय्य आणि रास्तच हवी, असे ठरले. शब्द जपानीच राहिले, गाळलेला अर्थ परतला.

म्हणून स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्याला आधी विचारावे: कोणाचे? लॉकनरचे, की त्याच्या भट्टीपाशी राबणाऱ्याचे?