डागाची तक्रार आणि ‘हिदाया’

बाराव्या शतकातल्या मरगीनानींच्या ‘हिदाया’त विकलेल्या मालातल्या ऐबावर अख्खं प्रकरण आहे. १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टनने त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. नियम साधा: लपलेला ऐब निघाला तर माल परत करा, नाहीतर पूर्ण किमतीत ठेवा. माल ठेवून वर सूट हवी, तर विकणारा राजी हवा. ऐब आधीच माहीत असेल, तर तक्रारच नाही.

गांधीनगरच्या कापडपेठेशेजारी आमच्या उचगावात बायका वापरलेले ड्रेस मोबाईलवर विकतात. २०२० चे ई-कॉमर्स नियम कंपन्यांना ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायला लावतात. घरातलं अधूनमधून विकणाऱ्याला ते लागू नाहीत. तिथे मला मरगीनानीच जास्त कामाचे वाटतात. बाहीवरच्या डागाचाही फोटो टाकलाय? मग वाद नाही. नाही टाकला? मग पैसे परत.